कुलपातलं औषध

आमच्या घरच्या फ्रीजला कुलूप होतं. लोक कपाटाला कुलूप लावतात, पेटीला लावतात, आमच्या गल्लीत एकाने बोअरच्या स्टार्टरलाही लावलं होतं, पण फ्रीजला कुलूप लावणारं घर अख्ख्या सौंसरमध्ये आमचंच असावं. किल्ली बाबांच्या करदोट्याला बांधलेली असायची आणि आंघोळीलाही सुटायची नाही. पाहुणा थंड पाणी मागायचा, आई माठातलं आणून द्यायची, आणि पाहुणा पाणी पितापिता फ्रीजच्या कुलपाकडे डोळे लावून बसायचा. मग गावात गोष्टी. कुणी म्हणे आत विलायती दारू आहे, कुणी म्हणे सोनं आहे, आणि शेजारची कमलाकाकू तर आईला तोंडावर म्हणाली, "काहो, आमी का तुमचं दही खाऊन टाकू?" आत दही नव्हतंच. खालच्या खणात एक स्टीलचा डबा होता आणि डब्यात माझं औषध होतं. बाबांचं म्हणणं, फ्रीज औषधासाठी घेतला आहे, भाजीपाल्यासाठी नाही. दार शंभरदा उघडलं की थंडावा जातो, थंडावा गेला की औषध जातं, आणि औषध गेलं की पोट्टं जातं. आईने एकदा कोथिंबिरीची जुडी आत ठेवली, तर त्यांनी ती अंगणात भिरकावली होती.

माझ्या आजाराचं नाव हिमोफिलिया. रक्त गोठायला रक्तात जे जे लागतं, त्यातली एक गोष्ट माझ्यात जन्मापासून नाही. लोकांना वाटतं, कापलं की नुसती धार लागत असेल. कापलेलं निदान डोळ्यांना दिसतं. आमचं रक्त आतल्या आत, सांध्यात उतरतं. सकाळी धडधाकट उठावं आणि दुपारी गुडघा संत्र्यासारखा गोल, गरम, आणि ठणका असा की पांघरुणाचा भार नको वाटावा. असं पुन्हापुन्हा झालं की सांधा आखडतो आणि मग तो काही केल्या सरळ होत नाही. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. तिला स्वतःला काही होत नाही, मुलाला होतं. माझ्या आधी तो माझ्या मामाला होता. मामा पांढुर्ण्याचा, सुधाकर नाव, मिशी फुटायच्या वयात गेला. हे सांगितलं की ऐकणारा लगेच मान डोलावतो, "गोटमारीत लागला असन गोटा." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, तेवढंच लोकांना आमच्या पांढुर्ण्याचं माहीत. त्या दिवशी मामाला आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावत. गोटा त्याला कधीच लागला नाही. त्याची दाढ काढली, त्यात तो गेला. एवढंच मला ठाऊक होतं, कारण आई यापुढे बोलायची नाही. विचारलं तर कणीक मळायला उठायची, भलेही पोळ्या होऊन गेलेल्या असोत.

मी आता पस्तिशीच्या पुढे आहे. आत्मचरित्र लिहायचं हे वय नाही असं कुणी म्हणेल. पण आमच्या आजारात जुने डॉक्टर आयांना जे वय सांगायचे, ते मी केव्हाच मागे टाकलंय, त्यामुळे माझ्या हिशेबाने मी म्हातारा माणूस आहे आणि म्हाताऱ्यासारखंच बोलणार. म्हाताऱ्यासारखा संशयीही आहे. मेडिकलवाल्याने गोळ्यांची पट्टी दिली की तिथेच उभा राहून तारीख वाचतो. भावाला भावासारखं आणि दुकानदाराला दुकानदारासारखं वागवावं असं लोक सांगतात, मी दोघांकडेही त्याच संशयाने पाहतो. हा स्वभाव मला शाळा संपत आली, घरीच सुई टोचून घ्यायला शिकलो, त्या वर्षी जडला.

तोवर दुखलं की नागपूर गाठायचं. सौंसर पडलं मध्य प्रदेशात, म्हणून एसटी नव्हे, आमच्याकडे खाजगी बस, तिच्यात मागच्या लांब सीटवर पाय पसरून, आईच्या मांडीवर गुडघा ठेवून जायचं. रस्त्यातला एकेक खड्डा माझ्या ओळखीचा. दवाखान्यात पोचून सुई लागेपर्यंत अर्धा दिवस जायचा, आणि तेवढ्या वेळात रक्ताने सांध्यात काय धिंगाणा घालायचा तो घातलेला असायचा. मग तिथल्या सिस्टरने एकदा बाबांना सांगितलं, की आता औषध घरी नेता येतं. पोराला स्वतःची शीर स्वतः धरायला शिकवा, म्हणजे दुखायला लागल्याबरोबर तो टोचून घेईल. बाबा म्हणाले, "शिकला तं नागपूरले कॉलेजात पाठवता येईन का याले?" सिस्टर म्हणाली, का नाही. झालं. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. सुई आली तर नागपूर, नाही आली तर जन्मभर सौंसरच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसेस मोजायच्या.

शिकणं काही सोपं नव्हतं. औषधाची पूड एका बाटलीत, पाणी दुसऱ्या बाटलीत. पाणी पुडीवर हळू सोडायचं, बाटली हलवायची नाही, नुसती गोल फिरवायची, फेस बसू द्यायचा. मग दंडाला रबरी पट्टी बांधायची, मूठ आवळायची, शीर बोटाने चाचपायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, आणि फुलपाखरासारखे दोन पंख असलेली बारीक सुई आत घालायची. नळीत रक्त दिसलं की पट्टी सोडायची आणि औषध हळूहळू ढकलायचं. हे सगळं एका हाताने, कारण दुसरा हात तर टोचून घेत असतो. सिस्टरने आधी एका रबराच्या तुकड्यावर करायला लावलं. घरी आल्यावर मी सरावासाठी संत्री घेतली, आमच्याकडे त्यांना काय तोटा! टोपलीतली अर्धीअधिक संत्री मी साध्या पाण्याने टोचून ठेवली आणि आईने तीच पाहुण्यांपुढे ठेवली. मोहगावचे काका दोन फोडी खाऊन म्हणाले, "औंदा संत्रं पानचट लागून राहिलं बाप्पा." बाबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या घराण्याला कुणी शिवी दिली. ते तडक बागेत गेले आणि पाणी सोडणाऱ्या गड्याला त्यांनी विनाकारण झापलं.

बाबा कलमं बांधायचे. आमची थोडी बाग होती, पण खरा धंदा रोपांचा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपट्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची. हात असा, की त्यांनी बांधलेली कलमं क्वचितच मरायची. त्यामुळे शीर बाबाच धरतील, मी नुसतं ढकलायचं, असं त्यांनी आपोआप ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दंडाला पट्टी बांधली, आणि काय बांधली! शीर दोरीसारखी वर आली, सुई एका झटक्यात आत गेली, रक्त दिसलं. मी म्हटलं, "बाबा, पट्टी सोडा." ते म्हणाले, "इतक्यात? डोळा धरू दे तं खरं." मी म्हटलं, "कोणता डोळा? सोडा ना!" तर ते मलाच समजावू लागले, "बांधलेलं लवकर सोडलं का वाळते रे. मले शिकवते!" त्यांच्या आयुष्यभराच्या हाताला एकच गोष्ट माहीत होती, की पट्टी जोड धरेपर्यंत सोडायची नसते. मी तशीच पिचकारी ढकलली आणि कोपराच्या खळगीत कोंबडीच्या अंड्याएवढी निळी गाठ आली. आई ओरडत आली, बाबांनी पट्टी सोडली आणि ते रोपांकडे निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या हाताला कधी हात लावला नाही. मी स्वतः शिकलो ते त्या गाठीमुळे.

शिकलो, म्हणजे हात बसला. थंडीच्या दिवसांत शीर लपून बसते, म्हणून सिस्टरने सांगितलं होतं की आधी हात गरम पाण्यात ठेवायचा. आणि औषध फ्रीजमधून काढल्याबरोबर थंडगार टोचायचं नाही, थोडं बाहेर राहू द्यायचं. मग आमच्या घरात त्याचा एक विधीच होऊन बसला. बाबा कुलूप उघडून बाटल्या काढून देत. मी त्या मिसळी. आई पातेल्यात गरम पाणी आणून माझ्यापुढे ठेवी आणि मी हात बुडवून बसलो, की फेस बसायला ठेवलेली बाटली ती पदरात घेऊन आत जाई. "देवापाशी ठेवून आणते," म्हणायची. देवाशी माझं काही वाकडं नव्हतं. थोड्या वेळाने ती बाटली आणून द्यायची, मी औषध पिचकारीत ओढायचो आणि टोचायचो. आई तेव्हा कधी थांबली नाही. सुई दिसली की ती मागच्या दारी जाऊन भांडी वाजवत बसायची. सिस्टर फोनवर शाबासकी द्यायची, कमलाकाकू भिंतीवरून डोकावून "पोट्टा डाक्टर झाला व माय" म्हणायची, आणि मी मनातल्या मनात नागपूरच्या होस्टेलात खोलीही घेऊन टाकली होती.

पण गुडघा काही ऐकेना. दवाखान्यात हेच औषध घेतलं की संध्याकाळपर्यंत ठणका ओसरायचा. घरी घेतलं की दुसऱ्या दिवशी सूज तशीच, तिसऱ्या दिवशी जास्त. पुन्हा टोचायचं, पुन्हा तेच. उजवा गुडघा महिनाभरात इतका वाकला की मी टाच टेकवून चालू शकेना. मी आधी औषधावर संशय घेतला. बाटलीवरची तारीख भिंगाने वाचली, झाकणावरची पट्टी कुणी काढून पुन्हा चिकटवली आहे का ते पाहिलं. मग सिस्टरवर घेतला, की फुकटच्या औषधात चांगलं ठेवून घेते आणि उरलंसुरलं आपल्याला देते. हे मी बाबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "जिनं शिकवलं तिच्यावरच शक? वा रे लेका!" पण त्यांनीही पुढच्या खेपेला झाकणं उलटीपालटी करून पाहिली, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. आणि मग माझा संशय हळूहळू घरात शिरला. किल्ली कुणाकडे? बाबांकडे.

एकदा का माणूस नजर ठेवायला लागला, की त्याला सगळीकडे तेच दिसतं. दुपारी मी डोळे मिटून पडलेलो असायचो, तेव्हा बाबा चपला बाहेर काढून पावलं न वाजवता यायचे. करदोट्याची किल्ली काढायची, फ्रीज उघडायचा, आत काहीतरी करायचं, बंद करायचा आणि आल्या वाटेने जायचं. एकदा त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. माझं डोकं भणभणलं. बाबा औषध बदलत असतील? कुणाला देत असतील? बाटलीत नुसतं पाणी भरून ठेवत असतील? आज लिहिताना हसू येतं, पण त्या वयात, दुखऱ्या पायाने, माणूस बापावरही असाच विचार करतो. एके दुपारी ते आंघोळीहून बाहेर आले आणि करदोट्याची ओली गाठ सुटून किल्ली त्यांच्या नकळत उंबऱ्यावर पडली. मी लंगडत गेलो, उचलली, फ्रीज उघडला. भाजीच्या खणात ओल्या किनतानाच्या गोणपाटात गुंडाळलेलं एक लांबट पुडकं होतं. मी ते सोडलं. आत संत्र्याच्या काड्या निघाल्या. पानं छाटलेल्या, डोळे भरायच्या काड्या, ताज्या राहाव्या म्हणून ठेवलेल्या. ज्या माणसाने कोथिंबिरीच्या जुडीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याने स्वतः फ्रीजमध्ये निम्मी नर्सरी भरली होती. मागे बाबा उभे. मी पाहिलं तर त्यांची मान खाली. "तुह्या मायले सांगू नको," एवढंच म्हणाले. मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, पण गुडघ्याचं उत्तर मिळालं नाही.

आता बाबांनाही संशय आला होता आणि तो होता माझ्यावर. त्यांना वाटलं, पोरगा भीतीने सुई शिरेत घालतच नाही, औषध मोरीत सोडतो आणि आपल्याला सांगतो की घेतलं. सरळ बोलले नाहीत. पण मी टोचायला बसलो की समोर स्टूल घेऊन बसू लागले, आणि पिचकारी रिकामी होईपर्यंत डोळ्याची पापणी हलवायचे नाहीत. तरी गुडघा तसाच! एका दिवशी ते जेवताजेवता म्हणाले, "औषध जाऊन राहिलं, मी डोळ्यानं पाहून राहिलो. अन् पाय सुधरत नाही. मंग हे घरचं टोचणं बंद करा. नागपूर-फागपूर काही नाही, इथंच राह्य आमच्या डोळ्यापुढं." आई भाकरी वाढताना म्हणाली, "देव पाह्यते सगळं." मी म्हटलं, "देवाले म्हणा, जरा गुडघ्याकडे पाह्य." तिने माझ्या ताटात लोणी वाढलं.

त्याच सुमारास पांढुर्ण्याहून निरोप आला, आजोबांना बरं नाही. आई तिकडे गेली. ती घरी असताना स्वयंपाकघरात कधी न गेलेले बाबा खिचडी करू लागले आणि ती तळाला लागायची. ती गेल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गुडघ्यात ती ओळखीची गुदगुल्यांसारखी ऊब आली. रक्त उतरायला लागलं की आधी असं वाटतं, दुखणं मागून येतं. बाबांनी कुलूप उघडलं. मी औषध मिसळलं, मोरीच्या नळाचं जेमतेम कोमट पाणी घेऊन हात बुडवला आणि बाटली तिथेच पाटावर ठेवली. देवापाशी न्यायला कुणी नव्हतं. फेस बसला, टोचलं, झालं. संध्याकाळी मी उठून पाणी प्यायला गेलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी टाच टेकवून चाललो होतो. बाबांच्याही लक्षात आलं. "पाह्य!" एवढं म्हणून ते अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, औषध लागू झालं. मी मात्र सकाळचा एकेक प्रकार आठवून पाहिला. आज काय वेगळं होतं, हे शोधायला फार डोकं लागत नव्हतं. आज आई नव्हती.

हा संशय मला नको होता. मी तो चार दिवस झटकत राहिलो. आईने काय करावं? आणि का? आजार तिच्याकडून आला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि ते तिच्या कानांवर पडेल अशा बेताने बोललंही जायचं. बाबांनी ते कधी उच्चारलं नाही. पण न उच्चारणंही माणसाला ऐकू येतं. मला आठवायला लागलं, की होस्टेलचा विषय निघाला की ती उठून जाते. मग मनात आलं, मी बरा होऊ नये, घरातच राहावं असं तर हिला वाटत नाही? असं मनात येणं किती वाईट असतं, ते मी तेव्हा शिकलो. ती परत आली तेव्हा आजोबांना आराम पडला होता. तिने पिशवीतून माझ्यासाठी गोडंबी काढली, माझ्या गुडघ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "उतरलं व माय! माह्या देवानं ऐकलं." मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होतो. चेहऱ्यावर आनंदाशिवाय काही नव्हतं, आणि मला तेही खरं वाटेना.

पुढच्या खेपेला मी तयार होतो. दुपारची वेळ, गुडघ्यात पुन्हा ऊब. बाबांनी बाटल्या काढून दिल्या आणि स्टुलावर बसले. मी मिसळलं. आईने पाण्याचं पातेलं ठेवलं, बाटली पदरात घेतली आणि गेली. मी हात बाहेर काढला, "लघवीले जाऊन येतो" म्हटलं आणि भिंत धरत स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. देव्हारा उजवीकडे होता. ती डावीकडे, गॅसपाशी उभी होती. गॅसवर चहाचं भांडं, पाण्याला आधण आलेलं, आणि त्या उकळत्या पाण्यात माझी बाटली, गळ्यापर्यंत बुडवलेली, सांडशीने धरलेली. ती पुटपुटत होती. मग बाटली काढली, पदराने पुसली, फुंकर मारमारून निववली, गालाला लावून पाहिली, जशी बाळाच्या दुधाची बाटली पाहतात. औषध म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यासारखी नाजूक चीज, उष्णता लागली की मेली, हे सिस्टरने मला सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघे पुरुष फ्रीजच्या कुलपाकडे पाहत राहिलो आणि औषध दर खेपेला चुलीवर मरत होतं. मला बाटली नेहमी कोमट लागायची. थंड टोचायचं नसतं, म्हणून मला ते चांगलंच वाटायचं.

मी परत येऊन बसलो. डोक्यात आग पेटली होती. माझा गुडघा! माझे ते महिने, माझं नागपूर! तिने बाटली आणून हातात दिली, "घे बेटा," आणि मागच्या दाराकडे वळली. समोर बाबा. मी बोललो असतो, तर त्या घरात तिला पुढे काय काय ऐकावं लागलं असतं, ते मला त्या एका क्षणात सगळं दिसलं. आधी आजार दिला, आता औषधही मारलं. हे गावभर झालं असतं, कमलाकाकूच्या भिंतीवरून पार पांढुर्ण्यापर्यंत. आणि न बोलता ते मेलेलं पाणी टोचून घ्यावं, तर गुडघा गेला. मी बाटली फरशीवर सोडून दिली. ती फुटली. बाबा ताडकन उठले, स्टूल उलटं पडलं, त्यांचा हात वर गेला. मला त्या घरात कुणी कधी चापट मारली नव्हती, मारणं परवडणारच नव्हतं. तो हात तसाच हवेत राहिला. "डोळे फुटले का रे तुहे? अमृत हाय ते, अमृत!" आई धावत आली आणि काचा गोळा करायला बसली. मग मान वर करून अगदी सहज म्हणाली, "ओरडू नका वो त्याच्यावर. दुसरी काढा. मी आत्ता गरम करून आणते."

बाबांचा हात खाली आला. "गरम?" ते म्हणाले. "म्हंजे?"

"गरम. पाण्यात ठेवून. नेहमी करते तशी."

मी घाईघाईने म्हटलं, "कोमट, कोमट म्हणते ती." पण बाबा माझ्याकडे पाहतच नव्हते. "काहून?" ते इतक्या हळू म्हणाले, की ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या गुडघ्याकडे. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. हातातली काच तिने तशीच मुठीत धरली. मी ती मूठ सोडवली. मग ती फरशीवरच बसून बोलली, मामा गेल्यापासून जे कधी बोलली नव्हती ते. दाढेतून रक्त थांबेना, तर दवाखान्यात सुधाकरच्या तोंडात बर्फ भरत होते. बर्फ संपला की हिला धाडायचे. ही फ्रॉकातली पोर, हातात बर्फाचा खडा घेऊन बाजारातून पळत यायची. हात बधिर व्हायचे, तरी खडा सोडायची नाही. "ओठ निळे पडले त्याचे. म्हणे, लय थंडी वाजून राहिली, आता बर्फ नको आणू. मंगही आणला मी. सगळे म्हणत, रक्तानं गेला. रक्तानं नाही गेला तो. थंडीनं गेला. मी आणलेल्या थंडीनं." मग बाबांना म्हणाली, "तुमच्या त्या फ्रीजातून काढलेली बाटली हाती धरली का मले तेच आठवते. सिस्टरनंही म्हटलं, थंड देऊ नका. मंग मी काय करू?"

मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता काय निघतं त्या तोंडातून, याची मला इतकी धास्ती होती की गुडघा दुखतोय हेही विसरलो. ते किल्ली काढत फ्रीजपाशी गेले. दुसरी बाटली काढली. ती आईच्या हातात ठेवली आणि तिची बोटं त्या बाटलीवर मिटवली. "धर," म्हणाले. "चुलीवर नाही, उन्हात नाही. मुठीत. तुह्या हाताएवढीच ऊब पाह्यजे त्याले." मग कुलूप न लावता ते बाहेर निघून गेले. दाराबाहेर त्यांनी दोनदा नाक शिंकरल्याचा आवाज आला.

आई बाटली धरून बसली. काचेचा गारवा तिला सोसवत नव्हता, ते दिसत होतं, पण तिने मूठ उघडली नाही. मी औषध मिसळलं, फेस बसू दिला, पट्टी बांधली. या वेळी ती मागच्या दारी गेली नाही. नळीत रक्त आलं, मी दातांनी पट्टी सोडली आणि पिचकारी ढकलायला लागलो. औषध आत जाताना शिरेत एक बारीक थंडी वर सरकत जाते, कोपरापासून दंडापर्यंत. कितीही ऊब दिली तरी ती थोडी लागतेच.

"थंड लागून राहिलं का रे?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तिने आपला तळवा माझ्या दंडावर, बरोबर त्या शिरेवर ठेवला आणि औषध संपेपर्यंत तो तसाच वर वर सरकवत नेला.

मी नागपूरला गेलो, शिकलो, नोकरी केली, आणि आता सौंसरला परत येऊन राहिलो आहे. उजवा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, तो तसाच राहिला. अजूनही मी दर आठवड्याला सुई घेतो. आई आता थकली आहे, तिला कमी दिसतं, पण बाटल्यांचा आवाज झाला की ती चाचपडत येऊन माझ्या शेजारी बसते. थंड लागतं का, विचारते. मी नाही म्हणतो. आणि ती हात लावून पाहते.